नावात आकाश (भाग 9) : ध्रुव

बंगळुरूला मराठहळ्ळीत भाच्याचं लग्न होतं. संध्याकाळी गुरुजी जोडप्याला गच्चीवर घेऊन गेले आणि त्यांनी उत्तरेकडे बोट केलं. बोटासमोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. नवरी गोंधळली. गुरुजी म्हणाले, "दिसला म्हणा." यात लबाडी नाही बरं. तारा दिसला नाही तरी वधूने दिसतो असंच म्हणावं, ही मुभा खुद्द पारस्कर गृह्यसूत्रानेच दिली आहे.

बंगळुरूकरांना ती फार उपयोगी. गावाचा अक्षांश जेवढा, तेवढ्याच अंशांवर तिथून ध्रुव दिसतो. पुण्यात साडेअठरा, इथे जेमतेम तेरा. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवा, वर दोन बोटं ठेवा, झाली उंची. टाकी नसली तरी एवढ्या खाली धूळ आणि दिव्यांचा उजेड असतोच. शिवाय ध्रुव आपण समजतो तेवढा तेजस्वीही नाही. त्याच्याहून ठळक असे चाळीसच्या वर तारे आहेत. त्याचा मान सगळा जागेचा. कचेरीतही असे असतात.

आणि ती जागाही अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे 26,000 वर्षांची. इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते तेव्हा ध्रुवपदाजवळ थुबान होता. आणखी बारा हजार वर्षांनी तिथे अभिजित असेल. आजचा ध्रुवही नेमक्या बिंदूवर नाही. पूर्ण चंद्राच्या रुंदीहून जरा जास्त अंतर राखून रोज छोटीशी प्रदक्षिणा घालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गच्चीवरून ध्रुव स्वच्छ दिसला, आवाजासकट. एचएएलचा विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. एचएएलच्या ध्रुव हेलिकॉप्टरचं पहिलं उड्डाण 20 ऑगस्ट 1992 रोजी याच शहरात झालं. साडेपाच टनांच्या वर्गातलं, दोन इंजिनांचं हे यंत्र. हवाई दलाच्या 'सारंग' पथकाची मोर रंगवलेली हेलिकॉप्टरं हीच. हे नाव आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लागलंय. तुर्भ्याची 100 मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी 1985 ची, तर क्षेपणास्त्रांचा माग काढणारं नौदलाचं 'ध्रुव' जहाज 2021 चं.

जहाज, हेलिकॉप्टर ही फिरणारी वाहनं, त्यांना अढळाचं नाव कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघांचा जीव गेला आणि तपासासाठी सगळा ताफा जमिनीवर ठेवला गेला, तेव्हा तर ते नाव वाचवेना.

पण बहुतेक विमानांना जे जमत नाही ते हेलिकॉप्टरला जमतं : हवेत एका जागी थांबणं. त्या सकाळी ते टाकीच्या वर मिनिटभर तसंच घोंघावत राहिलं. हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवून नवरी म्हणाली, "आता दिसला."