चार टन पाणी आणि त्यामागची खोली

प्रवाळाला समुद्रात मिळणारे पाणी दिवसेंदिवस जवळजवळ सारखे असते. दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, तापमान पंचविशीच्या थोडे वर, कॅल्शियमचे प्रमाण ठरलेले. ही स्थिरता समुद्राला त्याच्या अफाट आकारामुळे आपोआप मिळते. घरातल्या टाकीला ती यंत्रे, नळ आणि रोजची देखरेख यांच्या जोरावर मिळवून द्यावी लागते. त्यामुळे मोठ्या घरगुती प्रवाळ-टाकीचे निम्मे बांधकाम काचेच्या मागे, पाहुण्यांच्या नजरेआड असलेल्या यंत्रखोलीत होते. टाकी जगणार की नाही हे तिथेच ठरते.

अशा टाक्यांचा छंद अमेरिकेत आणि युरोपात विशेष रुजला आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात घराला तळघर असणे नेहमीचे, आणि मोठ्या टाकीला तळघर फार सोयीचे. न्यू जर्सीतील अशाच एका तळघरातली टाकी उदाहरण म्हणून घेता येईल: लांबी ३.६ मीटर, रुंदी १.२ मीटर, पाण्याची खोली ०.९ मीटर. एवढ्यात सुमारे ३,९०० लिटर पाणी मावते आणि खाऱ्या पाण्याचे वजन चार टनांच्या घरात जाते. म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर नऊशे किलोंहून जास्त भार. भारतीय मानकानुसार राहत्या घराची जमीन वापराच्या भारासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात. इमारतीच्या वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्याआधी संरचना अभियंत्याचा सल्ला का लागतो, हे या दोन आकड्यांवरून कळते. तळघरात काँक्रीटची लादी थेट मातीवर टेकलेली असल्याने हा प्रश्न बराच हलका होतो.

याच तळघरात नळकाम करणाऱ्या कारागिराने यंत्रखोलीच्या लाकडी खांबावर पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेवला होता: ४३. पाण्याची पातळी एक सेंटिमीटर हलली की ४३ लिटर पाणी इकडचे तिकडे होते. लांबी आणि रुंदीचा गुणाकार केला की हा आकडा मिळतो, पण पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयात तो पुन्हा समोर येतो.

पहिले काम काचेचे. पुढच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे दीड टन पडतो. हा रेटा काचेची लांबी आणि पाण्याची खोली यांवर ठरतो. टाकी मागे किती रुंद आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. खोली दुप्पट केली तर रेटा चौपट होतो, म्हणून मोठ्या टाक्या उंचीपेक्षा लांबी-रुंदीने वाढवतात. २५ मिलिमीटर जाडीची पुढची काच एकटीच दोनशे किलोंची भरते. ती कमी लोहाची निवडतात, कारण साध्या जाड काचेत हिरवट झाक येते आणि रंग मळतात. काचा सिलिकॉनने जोडतात. ते सुकताना व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो आणि तळघरात तो बरेच दिवस रेंगाळतो. वास पुरता गेल्याशिवाय पाणी भरायचे नाही, ही या कामातली शिस्त आहे.

नळकाम हा या बांधकामाचा गाभा. टाकीच्या मागच्या कडेला पाणी ओसंडून जाण्याची खाच असते. तिथून ते यंत्रखोलीतल्या आठशे लिटरच्या खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये उतरते आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. खाली येणारे नळ तीन. पहिला पूर्ण भरून, बिनआवाज वाहतो. दुसऱ्यातून थोडेसे पाणी झिरपत असते. तिसरा कोरडा. पहिल्यात गोगलगाय किंवा शेवाळ अडकले, तर दुसरा भार उचलतो आणि त्यालाही झेपले नाही तर तिसरा. तो वर्षानुवर्षे कोरडा राहावा, हीच इच्छा असते. तरीही कारागीर त्याची जोडणी इतर दोन नळांइतक्याच काळजीने करतो.

त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी सगळे पीव्हीसी नळ गोंदाविना जोडायचे, प्रत्येक सांध्यावर खूण करायची, उलगडायचे, टोके घासून घ्यायची, जांभळा प्रायमर लावायचा आणि मगच सोल्युशनने चिकटवायचे. खूण जुळेपर्यंत नळ किंचित फिरवत आत सारायचा आणि काही सेकंद दाबून धरायचा. हे दाबून धरणे तो एकाही सांध्यावर टाळत नाही. प्रत्येक पंपाच्या दोन्ही बाजूंना झडप आणि उघडता येणारा सांधा असतो. पंप बिघडला तर टाकी न उपसता तो काढता यावा यासाठी.

सगळे जोडून झाले की टाकीत साधे पाणी भरतात आणि पंपाची वीज मुद्दाम तोडतात. पंप थांबला तरी वरचे पाणी खाचेच्या कडेपर्यंत उतरत राहते; वर जाणाऱ्या नळातूनही काही उलटे येते. पातळी तीन सेंटिमीटर उतरली तर तीन वेळा ४३, म्हणजे सुमारे १३० लिटर खाली येतात. संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी असावी लागते. नसेल तर वीज जाताच पाणी जमिनीवर. म्हणून परतीच्या नळाची तोंडे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवतात: पातळी थोडी उतरली की हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. एकमार्गी झडपेवर भिस्त ठेवत नाहीत, कारण तिच्यावर चुन्याचा थर बसतो. वीज तोडण्याची परीक्षा कारागीर पुन्हा पुन्हा घेतो आणि संपच्या काचेवरची पाण्याची रेघ दर वेळी त्याच ठिकाणी थांबते का, हे वाकून पाहतो.

मग खरे पाणी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन, तांबे, फॉस्फेट आणि सिलिकेट टाकीत चालत नाहीत. तांब्याचा अंशही अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरतो. घरोघरी असते तसे आरओ यंत्र इथेही लागते, पण त्यापुढे रेझिनचा टप्पा असतो आणि विरघळलेल्या घटकांचे माप शून्य यावे लागते. संप धरून ४,७०० लिटरसाठी १६० किलोंहून अधिक क्षारमिश्रण लागते.

संपमधले पहिले महत्त्वाचे यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. उंच नळकांड्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. माशांच्या विष्ठेतले आणि उरलेल्या अन्नातले सेंद्रिय रेणू त्यांना चिकटतात आणि फेस होऊन वरच्या पेल्यात साठतात. किनाऱ्यावर लाटांचा फेस होतो तीच ही क्रिया. पेल्यातला काळपट, उग्र वासाचा द्रव हाताने ओतावा लागतो. शेजारच्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे तंतुमय शेवाळ वाढवतात. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषते. त्यावरचा दिवा रात्री लावतात. मुख्य टाकीत अंधार असताना कार्बन डायऑक्साइड वाढून सामू उतरतो, ती घट या शेवाळामुळे कमी होते.

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, म्हणून पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज खर्च होतात. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखायचे. त्याहून महत्त्वाची अल्कता, कारण ती झपाट्याने बदलते आणि अचानक बदल प्रवाळाला सोसत नाही. यावर एक जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. पेटर विल्केन्स यांनी ती १९७०च्या दशकात युरोपातल्या छांदिष्टांत रूढ केली. आजही ती रात्री थेंबथेंब सोडतात. मोठ्या टाकीला मात्र कॅल्शियम रिअॅक्टर लागतो. त्यात कार्बन डायऑक्साइडने आम्ल केलेले पाणी जुन्या प्रवाळाच्या खड्यांवरून फिरते, खडे विरघळतात आणि त्यांतले घटक नव्या प्रवाळाला मिळतात.

प्रवाळाच्या ऊतींत झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून त्याला बहुतांश ऊर्जा पुरवते. म्हणून प्रखर एलईडी दिवे आणि दिशा बदलत राहणारे प्रवाह-पंप लागतात. तापमान नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी चढून तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी तापवणारे हीटर त्यामुळे एक मोठा न ठेवता दोन लहान ठेवतात; एक चालू अवस्थेत अडकला तरी टाकी उकळत नाही. वीज गेल्यावर काही तासांतच प्राणवायू घटू लागतो, म्हणून किमान एक प्रवाह-पंप बॅटरीवर असतो आणि घराबाहेर जनरेटर.

रोज अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जाते. पुन्हा तोच हिशेब: पूर्ण सेंटिमीटर गेला तर ४३ लिटर. क्षार मागेच राहतात, म्हणून भर शुद्ध गोड्या पाण्याची घालतात. गेलेले पाणी घराच्या हवेत मिसळते. ते बाहेर काढणारा पंखा नसेल तर भिंतींना बुरशी धरते.

यानंतर वाट पाहणे. दगडांवर जिवाणू वाढून अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होऊ लागण्यास चार ते सहा आठवडे जातात. जाकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१मध्ये लिहून दाखवले होते की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरही समुद्री जीव जगू शकतात. आजच्या यंत्रखोलीतला खरा शुद्धीकरण-कारखानाही दगडांवरचे जिवाणूच आहेत.

प्रवाळ सर्वांत शेवटी येतात. ते दुसऱ्या टाक्यांत वाढवलेल्या वसाहतींचे बोटभर तुकडे असावेत. समुद्रातल्या भित्तीवरून तोडलेला प्रवाळ घरात आणण्याचे समर्थन होऊ शकत नाही. भारतात कायदाही हेच सांगतो. भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७चे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. महाराष्ट्राचे प्रवाळ अशा ठिकाणीच, पाण्याखाली राहायला हवेत.

बांधकाम संपले तरी काम संपत नाही. अल्कतेची चाचणी, पेला धुणे, काच पुसणे, पाण्याचा काही भाग बदलणे, चुना धरलेले पंप व्हिनेगरमध्ये बुडवणे, अडीअडचणीला कोणती झडप बंद करायची हे घरातल्या आणखी एकाला शिकवणे. अशी टाकी पाहायला जाणाऱ्याने आधी मागची खोली पाहावी. झडपांवर नावे लिहिलेली असतील, जमीन कोरडी असेल आणि तिसरा नळ रिकामा असेल, तर पुढचे प्रवाळ जाणत्या हातांत आहेत.