हेवी मशीनगन हलकी करायची म्हणजे काय?

कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन मागे टाकून इंडिया गेटच्या दिशेनं चालू लागलं की थोड्याच वेळात कर्तव्यपथ येतो. २६ जानेवारीच्या संचलनात तिथून टी-९० भीष्म रणगाडा जातो, तेव्हा त्याच्या माथ्यावर लांब नळीची १२.७ मिमी मशीनगन दिसते. अशा गन अजून इतक्या जड का, हा प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र त्याची जी उत्तरं सर्रास ऐकू येतात, त्यांतली बरीचशी चुकीची आहेत.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की गनचं वजन म्हणजे जुन्या काळचं फाजील लोखंड. नवा धातू वापरला की ते निम्म्यावर येईल. वस्तुस्थिती अशी, की १२.७ मिमीच्या गोळीची ऊर्जा ७.६२ मिमीच्या गोळीच्या सुमारे पाचपट असते. गोळी पुढे जाते तेवढाच जोर गनला मागे ढकलतो. तो धक्का आणि सलग माऱ्यानं तापलेल्या नळीची उष्णता पोटात घेण्याचं काम हे वजनच करतं. ते काढून घेतलं तर तिवई जमिनीवर स्थिर राहत नाही आणि नेम विस्कटतो.

अमेरिकेनं यावर मोठ्या चिकाटीनं काम केलं. त्यांची एम-२ मशीनगन जॉन ब्राउनिंग यांच्या पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या आराखड्यावर बेतलेली. नुसती गन ३८ किलोंची, तिवईसह सुमारे ५८ किलोंची. तिला पर्याय म्हणून आधी एक्सएम-३१२ आणि नंतर एक्सएम-८०६ तयार झाली. एक्सएम-८०६ची गन १८ किलोंची, तिवईसह २८. आतले भाग पुढे-मागे सरकू देऊन धक्का जास्त वेळात पसरवायचा, ही त्यामागची युक्ती. ती साधली, पण माऱ्याचा वेग मिनिटाला सुमारे २५० गोळ्यांवर आला. एम-२चा वेग मिनिटाला साडेचारशेच्या पुढे असतो. उभ्या लक्ष्यावर संथ मारा चालून जातो. धावत्या वाहनावर किंवा हेलिकॉप्टरवर तो अपुरा पडतो.

२०१२ मध्ये हा प्रकल्प थांबला, म्हणून अभियंते हरले असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचा पैसा जुन्या गनच्या सुधारणेकडे, म्हणजे एम-२ए१कडे वळवला गेला. जुन्या एम-२ची नळी बदलली की नळी आणि बोल्ट यांच्यातलं अंतर दरवेळी हातानं जुळवावं लागे. त्यात चूक झाली तर गन चालवणाराच जखमी होऊ शकत असे. एम-२ए१मध्ये ते अंतर कायमचं ठरलेलं असतं आणि नळी झटपट बदलता येते. वजन जवळपास तेवढंच राहिलं, जवानाचा धोका मात्र कमी झाला. जुनी रचना म्हणजे कालबाह्य रचना, हा समज इथेच गळून पडतो.

वजन कमी करता येतच नाही, असंही नाही. १९७०च्या दशकात सोव्हिएत सैन्यात आलेली एनएसव्ही अवघ्या २५ किलोंची आहे. आपल्या रणगाड्यांसाठी याच कुळातली गन तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनते. पण रणगाड्यावर दहा किलोंनी काय फरक पडणार? जहाजावरही नाही. नौदल आणि तटरक्षक दलासाठी दुरून चालवायच्या ४६३ स्थिरीकृत १२.७ मिमी गनचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. त्या जहाजावर पक्क्या बसवलेल्या असतात, कुणाला खांद्यावरून न्यायच्या नसतात. हलक्या गनची खरी निकड डोंगरावरच्या पायदळाला आहे. कारगिलसारख्या मुलखात खेचराची वाट संपली की पुढचं सगळं माणसाच्या पाठीवर येतं. म्हणून सगळ्यांसाठी एकच हलकी गन हवी, ही मागणी मला पटत नाही. आधी डोंगरातल्या तुकडीचं ओझं मोजायला हवं.

आणि ते मोजताना गनपाशी थांबून भागत नाही. शंभर गोळ्यांची पट्टी भरलेली एक पेटी सुमारे १६ किलोंची होते. अशा दोन पेट्या घेतल्या की एक्सएम-८०६च्या गन-तिवईपेक्षा जास्त भार झाला. म्हणूनच अमेरिकेच्या मरीन कोअरनं पितळेऐवजी पॉलिमरचं आवरण असलेल्या १२.७ मिमी काडतुसांकडे लक्ष वळवलं. त्यात गन तीच राहते आणि प्रत्येक पेटी हलकी होते.