मंगळावरचे शून्य

मंगळाचा नकाशा उलगडला की बहुतेकांची नजर ऑलिंपस मॉन्स या पर्वताकडे जाते. माझी मात्र कित्येक वर्षे शून्य रेखांशाकडेच वळते. अक्षांशांचे सोपे असते. ग्रह स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ध्रुव आपोआप मिळतात आणि त्यांच्या मधोमध विषुववृत्त. रेखांशांची सुरुवात निसर्गात कुठेच नसते. ती माणसांनी ठरवायची आणि पुढच्या पिढ्यांनी पाळायची.

मंगळापुरती ती ठरवली बर्लिनच्या दोघांनी. विल्हेल्म बीअर हे बँकर, संगीतकार मायरबीअर यांचे बंधू. योहान मेडलर त्यांचे सहकारी. बीअर यांच्या खासगी वेधशाळेतून, जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर भिंगाच्या दुर्बिणीने, १८३० साली त्यांनी विषुववृत्ताजवळचा एक काळपट ठिपका हेरला. तो पुन्हा समोर यायला लागणारा वेळ मोजून त्यांनी मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा ठरवला आणि रेखांशही तिथूनच मोजले.

यात भारताचा एक धागा आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. पुढे इटलीच्या शियापारेल्लींनी आपल्या नकाशात याच जागेला ‘फास्टिजियम अ‍ॅरिन’ असे नाव दिले. मध्ययुगीन अरबी भूगोलात अ‍ॅरिन म्हणजे पृथ्वीचा मध्य, आणि ती कल्पना गेली उज्जयिनीहून. आपले ज्योतिर्विद मध्यरेषा तिथूनच धरत.

मरिनर ९ यानाने १९७१-७२ मध्ये जवळून छायाचित्रे पाठवली, तेव्हा धूसर ठिपका पुरेना. मर्टन डेव्हिस यांनी एअरी या मोठ्या विवरातले अर्ध्या किलोमीटरचे एक विवर निवडले: एअरी-०. नाव जॉर्ज एअरी यांचे, ज्यांच्या ग्रिनिचमधल्या दुर्बिणीवरून १८८४ साली पृथ्वीचे शून्य ठरले. ग्रिनिचला मी त्या रेषेवर उभा राहिलो आहे. जीपीएसचे शून्य मात्र तिथून १०२ मीटर पूर्वेला येते. एअरींनी उभी दिशा स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून धरली होती, उपग्रह ती पृथ्वीच्या केंद्रावरून धरतात.

उंचीच्या शून्याबद्दल थोडक्यात. मंगळावर समुद्र नाही, म्हणून आधी ६.१ मिलिबार दाबाची पातळी शून्य मानत. आता ती गुरुत्वाकर्षणावरून ठरते. तिच्यापासून ऑलिंपस मॉन्सचे शिखर सुमारे २१ किलोमीटर वर आणि हेलास खोऱ्याचा तळ सुमारे ८ किलोमीटर खाली. रेखांशांची दिशाही बदलली: जुने नकाशे ते पश्चिमेकडे मोजतात, हल्लीचे पूर्वेकडे.

आता यानांचे कॅमेरे मीटरभराची वस्तू टिपतात. मग अर्ध्या किलोमीटरच्या विवराचा नेमका मध्य कुठे धरायचा? २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग-१ यानाची जागा त्याच्या रेडिओ संदेशांमुळे फार काटेकोर कळलेली आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या कार्यगटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या यानाचा रेखांश ४७.९५१३७ अंश पश्चिम असा पक्का धरला. आकडा असा निवडला की एअरी-० शून्यावरच राहावे. यानाच्या पश्चिमेला चार-साडेचार अंशांवर ‘पूना’ नावाचे विवर आहे. आपल्या पुण्याच्या नावाच्या या विवराचा पत्ताही आता त्या यानावरूनच मोजायचा.

ठिपका, विवर, यान: खूण प्रत्येक वेळी अधिक नेमकी होत गेली, पण आपल्या सोयीसाठी रेखांशाचे शून्य कोणी दुसरीकडे नेले नाही. नेले असते तर आधीच्या पिढीचे सगळे नकाशे वाया गेले असते. नवे ज्ञान जुन्या कष्टांना धरून कसे पुढे जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आपल्या शाळांच्या भूगोलात ते शिकवायलाच हवे.