उन्हाळी म्हणून सोडून दिलेले रक्त

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीत काय किंवा साऱ्या वऱ्हाडात काय, लघवी लालसर झाली की 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पितात. जळजळ असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण पन्नाशीपुढच्या बिडी ओढणाऱ्या माणसाला काहीही न दुखता रक्त गेले आणि दोन दिवसांत आपोआप थांबले, तर धोका त्या थांबण्यातच आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वात नेहमीचे पहिले लक्षण हेच, आणि तंबाखूचा धूर हे त्याचे सर्वात मोठे कारण.

या आजारात रुग्ण कुठे अडतो ते समजायला एक दूरचे उदाहरण घेऊ. सीरियातून तुर्कस्तानात आलेल्या निर्वासितांना 2014च्या नियमाने तिथले सरकारी दवाखाने खुले झाले. तिथे मूत्राशयाच्या कर्करोगाच्या स्थानिक आणि निर्वासित रुग्णांच्या शस्त्रक्रियेची तुलना करायची, तर सर्जन तोच, टेबलही तेच. मग निकालात फरक पडलाच, तर त्याचे कारण शोधायचे कुठे? माझ्या मते शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे. सुमारे 100 पैकी 75 रुग्णांत निदानाच्या वेळी गाठ वरच्या थरातच असते. दुर्बिणीने ती खरवडून काढता येते. पण हा आजार परत उगवणारा आहे. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, पुढेही वर्षानुवर्षे तपासणी, आणि धोका जास्त असेल तर मूत्राशयात दर आठवड्याला एक असे बीसीजीचे सहा डोस. हो, क्षयाच्या लशीतलेच बीसीजी! गाठ स्नायूत शिरली तर बहुधा मूत्राशयच काढावे लागते, आणि त्याला तीन महिन्यांहून उशीर झाला की जगण्याची शक्यता घटते.

देश गमावलेला निर्वासित आणि रेशनकार्ड असलेला मेडशीचा शेतमजूर एका मापात कसे बसतील, हा आक्षेप रास्त आहे. भाषा आपली, सरकार आपले. तरीही उशिरा पोचणे आणि तपासणी चुकणे, या दोन्ही ठिकाणी दोघे सारखेच अडतात. दुसरा आक्षेप असा की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत आहेत. आहेत, पण योजना शस्त्रक्रियेचे पैसे भरते. सोयाबीनच्या सोंगणीत बुडालेली मजुरी आणि सोबत्याचे भाडे भरत नाही. मुंबईचे टाटा कर्करोग रुग्णालय मेडशीहून 500 किलोमीटरहून लांब. तिथल्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा चालते, यावरूनच मुक्कामाचा प्रश्न केवढा मोठा ते कळावे. निर्वासितांचा आजार मुळातच जास्त आक्रमक असेल, असेही कोणी म्हणेल. तसे असेल तर एकाच टप्प्यावर आलेल्या रुग्णांची तुलना करूनच ते ठरवावे. उशिराचे खापर रक्तावर फोडू नये.

म्हणून नव्या यंत्रांच्या आधी वाशीम-अकोल्यातच ठरलेल्या तारखेची दुर्बीण-तपासणी, बीसीजीचा नियमित पुरवठा आणि तारीख चुकली तर घरी जाणारा एक फोन हवा. आणि वाचकहो, लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी, दुखत नसले तरी, थांबले तरी, डॉक्टरांना दाखवा.