मेंदू जागा असताना

1930 साली प्रिन्स्टनच्या अर्नेस्ट वेव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी मांजराचा चक्क टेलिफोन केला. मांजराच्या श्रवणचेतेला इलेक्ट्रोड लावला आणि तिथली वीज ॲम्प्लिफायरमधून लांबच्या खोलीतल्या रिसीव्हरपर्यंत नेली. एकाने मांजराच्या कानाशी बोलायचं, दुसऱ्याने तिकडे ऐकायचं. बोलणं स्पष्ट कळत होतं! पुढे उलगडा झाला, की त्यात चेतेचा वाटा थोडाच होता. ऐकू येत होती ती बरीचशी अंतर्कर्णातल्या शंखाकृती भागात उमटणारी वीज. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी तशी शंका घेतलीच होती.

चेतापेशी असं सलग बोलत नाही. तिचा विजेचा स्पंद जेमतेम एक मिलिसेकंदाचा आणि दर वेळी जवळपास एकाच मापाचा. आवाज मोठा झाला म्हणून स्पंद मोठा होत नाही. म्हणजे जो काही अर्थ असेल, तो स्पंद कधी आले आणि किती आले यातच शोधायचा.

तो शोधायची रीत जॉर्ज गर्स्टीन आणि नेल्सन किआंग यांनी 1960 साली मांडली. एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजवायचा, प्रत्येक खेपेला स्पंद कोणत्या क्षणी आला ते टिपायचं आणि सगळ्या खेपांची बेरीज करून स्तंभालेख काढायचा. ही रीत आजही प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. पण तिच्या आधारे ऑडिटरी कॉर्टेक्सबद्दल, म्हणजे मेंदूच्या बाह्य थरातल्या ऐकण्याच्या भागाबद्दल, जे चित्र रूढ झालं, त्यात बराच वाटा भुलीचा होता. भूल दिलेल्या प्राण्याला छोटे शुद्ध सूर ऐकवले, की कॉर्टेक्समधल्या पेशी सुराच्या आरंभी एखाद-दुसरा स्पंद देत आणि गप्प बसत. म्हणून कॉर्टेक्स फक्त आवाजाची सुरुवात नोंदतो, असा समज पसरला.

धोक्याची सूचना खरं तर आधीच मिळाली होती. पुढे दृष्टीवरच्या कामासाठी नोबेल मिळवणारे डेव्हिड ह्यूबेल आणि त्यांचे सहकारी यांनी 1959 मध्ये जाग्या मांजरांच्या कॉर्टेक्समधल्या काही पेशींविषयी लिहिलं. मांजराचं आवाजाकडे लक्ष गेलं तरच या पेशी प्रतिसाद देत. एरवी काही नाही. भूल दिलेल्या मेंदूत अशा पेशी सापडणार तरी कशा?

2005 साली जॉन्स हॉपकिन्सच्या शाओचिन वांग यांच्या गटाने जाग्या मार्मोसेट माकडांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. पेशीला तिच्या पसंतीचा नेमका आवाज मिळाला, तर ती आवाज संपेपर्यंत स्पंद देत राहते. नावडत्या आवाजाला मात्र आरंभी एखादा स्पंद, नाहीतर तोही नाही. मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पेशी बोलायला तयार होती. तिला विचारलेला प्रश्नच तिच्या कामाचा नव्हता.

यावरून जागा कॉर्टेक्स सतत गजबजलेला असेल असं वाटेल. तसंही नाही. नेहमीचा इलेक्ट्रोड जास्त स्पंद देणाऱ्या पेशी चटकन हेरतो आणि अबोल पेशी निसटतात. अँथनी झाडोर यांच्या गटाने काचेची बारीक नळी थेट पेशीला चिकटवून जाग्या उंदरांमध्ये नोंदी घेतल्या. 2008 च्या त्या निष्कर्षानुसार कोणत्याही क्षणी 5 टक्क्यांहून कमी पेशी जोरात स्पंदत असतात. याच गटाला 2003 मध्ये अशा पेशी आढळल्या होत्या, की छोट्या सुराला त्या एकच स्पंद देत किंवा एकही देत नसत. मग ‘सरासरी अर्धा स्पंद’ या आकड्याला काय अर्थ? अर्धा स्पंद कोणत्याच खेपेला आलेला नसतो. बेरजेची रीत इथे उघडी पडते. सरासरीत नेमकी वेळही पुसली जाते आणि खेपेखेपेतला फरकही.

अलीकडे माणसाच्या मेंदूतही थेट डोकावता आलं आहे. एडवर्ड चँग यांच्या गटाने शस्त्रक्रियेदरम्यान आठ जणांच्या टेम्पोरल लोबमध्ये न्यूरोपिक्सेल्स ही केसासारखी बारीक सुई घालून, वाक्यं ऐकताना 685 पेशींचे स्पंद टिपले. एकाच ठिकाणी वरपासून खोलपर्यंतच्या पेशींचा कल बऱ्याचदा बोलण्याच्या एकाच गुणाकडे दिसला, पण त्यांच्या शेजारी वेगळंच काही टिपणाऱ्याही होत्या. इथे विश्लेषणाची सुरुवात फार खालून करावी लागते. सुईवर 960 संपर्कबिंदू, त्यांपैकी 384 एका वेळी वाचता येतात आणि एकाच पेशीचा स्पंद अनेक बिंदूंवर उमटतो. तो कुणाचा हे ठरवायचं तर जिवंत मेंदू नाडीबरोबर आणि श्वासाबरोबर हलत असतो; कालची नव्हे, सेकंदापूर्वीची पेशीसुद्धा सुईवर सरकलेली असते. आधी ती हालचाल मोजून वजा करायची, मगच पेशी काय म्हणाली त्याकडे वळायचं.