पात्याचा वेग मोजून पाहा

खेळगाडीची लाकडी चाके कापण्यासाठी ड्रिल प्रेसला सर्कल कटर लावतात. मध्यभागी छोटे ड्रिल आणि आडव्या दांडीच्या टोकाला पाते. मिनिटाला ५०० फेरे घेणाऱ्या १० मिलिमीटर ड्रिलची कड मिनिटात सुमारे १६ मीटर कापते. तेवढ्याच फेऱ्यांत १५० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कापणारे पाते मात्र सुमारे २३६ मीटर धावते! शिवाय दांडी एकाच बाजूला असल्याने तोल नसतो. फेरे दुप्पट केले की हादरवणारे बल चौपट होते. म्हणून पट्टा सर्वांत संथ गतीच्या पुलीवर चढवावा. ५०० च्या वर जाऊच नये.

फळी हाताने धरणे तर घातकच. पाते अडकले की बल केंद्रापासून लांब लागते आणि फळीच गरकन फिरते. ती मेजाला शिकंज्याने आवळावी. फिरणारी दांडी डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून बोटे त्या वर्तुळाच्या बरीच बाहेर हवीत. चष्मा लावावा, हातमोजे नकोत, ते गुंडाळले गेले तर हातही ओढला जातो.

निम्मी जाडी कापल्यावर यंत्र बंद करून फळी उलटावी. मधले भोक आरपार गेलेले असले की दुसऱ्या बाजूनेही केंद्र तेच मिळते.