दारांत अडविलेली वधू

लग्न होऊन सासरीं निघालेल्या मुलीच्या वाटेंत दोन उंबरठे असतात. पहिला ओलांडतांना तिचे डोळे भरून येतात, दुसरा ओलांडतांना ऊर धडधडतो. दुसऱ्या उंबरठ्यावर आपल्याकडे तांदळाचें माप भरून ठेवलेलें असतें व सारें घर स्वागतास उभें असतें. ज्या स्त्रीची हकीगत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तिच्या दुसऱ्या उंबरठ्यावर माप नव्हतें, पहारा होता. आणि तो उंबरठा ओलांडावयास तिला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. तिचें नांव एलेन नॉफ.

एलेनचा जन्म १९१५ सालीं जर्मनींत एका यहुदी कुळांत झाला. हिटलरच्या अमलांत तिनें मायदेश सोडला व ती चेकोस्लोव्हाकियांत गेली. तेथें तिचा विवाह झाला व पुढें तो मोडलाहि. १९३९ सालीं निर्वासित म्हणून ती इंग्लंडांत आली. १ जानेवारी १९४३ पासून ३० मे १९४६ पर्यंत तिनें ब्रिटिश विमानदलांत चाकरी केली व ती उत्तम रीतीनें केली, असें पुढें न्यायालयाच्या निकालपत्रांतच नमूद झालें आहे. युद्ध संपल्यावर ती जर्मनींत परतली, ती अमेरिकेच्या युद्धखात्याची नोकर म्हणून. तेथेंहि तिच्या कामावर वरिष्ठांनीं ‘फार चांगलें’ व ‘उत्कृष्ट’ असे शेरे मारले होते.

जर्मनींत तेव्हां काय वातावरण होतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. दोस्त सैन्यें त्या देशांत शिरलीं तेव्हां सैनिकांनीं जर्मन लोकांशीं स्नेहसंबंध ठेवूं नयेत असा सक्त हुकूम होता. १९४५ च्या उन्हाळ्यांत तो सैल झाला आणि ऑक्टोबरांत बहुतेक उठला. परंतु जर्मन स्त्रीशीं विवाह करण्याची मनाई मात्र १९४६ च्या डिसेंबरपर्यंत कायम होती. मनुष्याचें मन हुकुमाची वाट पाहत नाहीं. मनाई उठतांच विवाहाच्या परवानगीसाठीं अर्जांची रीघ लागली. परदेशांत लग्न करणाऱ्या सैनिकांच्या सोयीसाठीं अमेरिकेनें २८ डिसेंबर १९४५ रोजीं एक कायदा केला होता. त्या अन्वयें, सेनेंत काम केलेल्या नागरिकाच्या परदेशी पत्नीस ठराविक संख्येच्या अटीवांचून देशांत प्रवेश मिळे. या कायद्याची मुदत तीन वर्षें होती.

कुर्ट नॉफ हा अमेरिकेचें नागरिकत्व घेतलेला, महायुद्धांत सैनिक म्हणून काम करून सन्मानानें निवृत्त झालेला गृहस्थ. तो फ्रँकफुर्ट येथें अमेरिकन सैन्याच्याच मुलकी नोकरींत होता. २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, तेथील सेनापतीची रीतसर परवानगी घेऊन, एलेनचा त्याच्याशीं विवाह झाला. आतां नागरिकत्व मिळवावयाचें व सुखानें संसार करावयाचा, एवढीच तिची इच्छा. १४ ऑगस्ट १९४८ रोजीं ती न्यूयॉर्कला पोंचली आणि त्याच दिवशीं तिला एलिस बेटावर अडकवून ठेवण्यांत आलें.

हें बेट न्यूयॉर्कच्या बंदरांतच आहे. १८९२ पासून १९५४ पर्यंत सुमारें एक कोटि वीस लक्ष लोक याच दारानें अमेरिकेंत शिरले. तेथून स्वातंत्र्यदेवतेचा प्रसिद्ध पुतळा स्पष्ट दिसतो. एलेनला तो दिसे. स्वातंत्र्य तेवढें दिसेना. ६ ऑक्टोबर रोजीं हुकूम झाला कीं, या स्त्रीचा प्रवेश राष्ट्रहितास बाधक आहे, सबब तिला कायमचें बाहेर ठेवावें. आरोप काय? तो सांगतां येत नाहीं. पुरावा काय? तो गुप्त आहे. चौकशी केव्हां होणार? होणार नाहीं. युद्धकाळीं व आणीबाणींत अशा रीतीनें परकीयास परत लावण्याचा अधिकार १९४१ च्या नियमांनीं ॲटर्नी जनरलकडे दिला होता. आणि तोफा थंडावल्या होत्या तरी कायद्याच्या दृष्टीनें जर्मनीशीं युद्ध अजून चालूच होतें!

सरकारची बाजूहि न्यायानें सांगावयास हवी. १९४८ च्या फेब्रुवारींतच चेकोस्लोव्हाकियांत कम्युनिस्टांनीं सत्ता बळकावली होती, जूनपासून बर्लिनची कोंडी सुरू होती. हेरांची भीति निव्वळ कल्पित नव्हती. आणि बातमी देणाराचें नांव फोडलें तर पुढें बातमीच मिळणार नाहीं, हा युक्तिवादहि पोकळ नव्हता.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १६ जानेवारी १९५० रोजीं चार विरुद्ध तीन मतांनीं निकाल तिच्या विरुद्ध लागला. बहुमताचें निकालपत्र न्यायमूर्ति मिंटन यांनीं लिहिलें. प्रवेश मागणाऱ्या परकीयाच्या बाबतींत विधिमंडळानें जी रीत ठरविली असेल तीच त्याच्यापुरती न्यायाची रीत, असा त्याचा मथितार्थ.

विरुद्ध मत देणारांत न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन होते. न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवर जो खटला चालला, त्यांत अमेरिकेच्या वतीनें मुख्य अभियोक्ता म्हणून उभे राहिलेले ते हेच जॅक्सन. ज्यांनीं लक्षावधि निरपराध्यांस मारलें, त्यांनाहि वकील, पुरावा व बचाव मिळालेला त्यांनीं पाहिला होता. मग एका सैनिकाच्या पत्नीस तेवढेंहि मिळूं नये? गुप्ततेच्या आड राहून द्वेषी, अजाण व लुडबुड्या माणसालाहि खुशाल चहाडी करतां येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हें वाचतांना आम्हांस शाकुंतलाची आठवण झाली. अनेक वर्षें वर्गांत शिकवलेला तो पांचवा अंक! तेथें पतीला ओळख पटेना, येथें पति ओळख देत असतां राज्य ऐकेना. परंतु एक भेद आहे. शकुंतलेस भर राजसभेंत बोलूं तरी दिलें. अंगठी हरवल्याचें तिला समोरासमोर कळलें. एलेनची अंगठी कोणत्या डोहांत पडली, हेंच तिला कोणी सांगेना.

मात्र निकाल लागला तरी लोकमत थांबलें नाहीं. सेंट लुइस येथील ‘पोस्ट-डिस्पॅच’ या पत्रानें तिचा कैवार घेतला, काँग्रेसमध्यें तिच्यासाठीं स्वतंत्र विधेयक आलें. तें विचाराधीन असतांच मे १९५० मध्यें तिला परत धाडण्यासाठीं विमानतळावर नेण्यांत आलें. विमान सुटण्यास थोडीं मिनिटें उरलीं असतां त्याच जॅक्सन यांचा स्थगितीचा हुकूम येऊन पोंचला. अखेर १९५१ च्या मार्चमध्यें चौकशी झाली. नोकरींत असतां चेकोस्लोव्हाकियाच्या प्रतिनिधींस तिनें गुप्त माहिती पुरविली, हा आरोप तेव्हां उघड झाला. पहिल्या मंडळानें तिच्या विरुद्ध कौल दिला. परंतु अपिलांत वरच्या मंडळानें पुरावा तपासला तों तो ऐकीव गोष्टींचा ठरला. २ नोव्हेंबर १९५१ रोजीं ॲटर्नी जनरल मॅक्ग्रा यांनीं तो निर्णय मान्य केला व एलेन नॉफ अमेरिकेंत शिरली. जर्मनीशीं युद्ध संपल्याची कायदेशीर घोषणाहि आदल्याच महिन्यांत झाली होती. आपली कहाणी तिनें १९५२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली.

या गोष्टीनें आमचें मन विशेष बेचैन होण्याचें एक कारण आहे, तें सांगतों. शाळेंत असतां एकदा एका विद्यार्थ्याच्या नांवें कोणी आमच्या कानांत कांहीं सांगितलें. सांगणारावर आमचा विश्वास होता. आम्ही त्या मुलास कारण न सांगतां महिनाभर शेवटच्या बांकावर बसविलें. तो कांहींच बोलला नाहीं. आम्ही त्याचें मौन म्हणजे कबुली समजलों. पुढें तें सांगणें खोटें निघालें. आम्ही त्यास जवळ बोलावून तसें सांगितलें, तेव्हां त्यानें एवढेंच विचारलें, “मास्तर, मला कां नाहीं विचारलंत?” या प्रश्नास आमच्यापाशीं तेव्हां उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

एलेन सुटली, पण तिच्या विरुद्ध लागलेला निकाल रद्द झाला नाहीं. अमेरिकेच्या न्यायालयांत तो अद्यापि आधारास घेतला जातो. राज्यांचे नियम राज्यें जाणोत. परंतु एकत्र कुटुंब हेंहि एक लहानसें राज्यच आहे. तेथेंहि नवी सून येते, तेथेंहि माजघरांत कुजबूज होते, आणि तेथेंहि वडीलधारीं माणसें कधीं कधीं न विचारतांच निकाल देऊन मोकळीं होतात. त्या मुलीस कोणतें अपील आहे? विमान सुटण्यापूर्वीं हुकूम धाडणारा जॅक्सन तिच्यासाठीं कोठून यावा? ज्यांच्या हातीं घराच्या किल्ल्या आहेत, त्यांनीं एवढें करावें: कानांत पडलेलें मनांत मुरूं देण्यापूर्वीं, ज्याच्याविषयीं तें आहे त्यास समोर बसवून एकदां विचारावें.